उलट्या तारांची गिटार

४ सप्टेंबर

धाकटे,

पाकिटावरचा पत्ता मी समोरच्या औषधवाल्याकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच बाजूला टाकलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. आता उघडलंच आहेस तर वाच.

आईला अर्धांगाचा झटका आला. मागच्या महिन्यात, दुकानात, पडद्याचं माप घेताना. उजवा हात आणि उजवा पाय गेला आहे. दवाखान्यातून घरी आणलंय, जेवते, झोपते, रागावते. बोलणं थोडं जड झालंय. बाकी ठीक आहे. तू ये, असं मी म्हणत नाही. तुझा पत्ता मामांकडे होता, मी तो त्यांच्याकडून अक्षरशः उकळला, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. कळवणं माझं काम होतं, ते केलं.

दुसरी गोष्ट. तुझी गिटार मी कपाटावरून खाली काढली. आधी विचारायला हवं होतं, पण तुझा फोन नंबर ना मला माहीत, ना मामांना. तेव्हा आधी काढली आणि आता विचारते. मी ती शिकायला लागले आहे. हस, खुशाल हस. इथं सगळेच हसतात. पंचावन्न ओलांडलेली, पडदे शिवणारी बाई गिटार काखेत मारून रस्त्याने चालली की लोकांना हसू येणारच.

कारण सांगते. आईला बोलायला शिकवण्यासाठी दवाखान्यातून एक बाई येतात. त्या म्हणाल्या, घरात गाणं-वाजवणं असू द्या, अशा आजारात कधीकधी शब्दांच्या आधी सूर सापडतो. आता आपल्या घरात गाणं-वाजवणं म्हणजे काय, तर दोन शिवणयंत्रांची घरघर. रेडिओ लावून पाहिला, आईने तोंड फिरवलं. मग कपाटावरच्या त्या लांबुळक्या गाठोड्याकडे माझं लक्ष गेलं.

तुझी वस्तू जपून वापरीन. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

ताई

२७ सप्टेंबर

धाकटे,

उत्तर आलं नाही. मी लिहिलं होतं ना, द्यायलाच हवं असं नाही म्हणून? तरी रोज टपालाच्या वेळेला मी दुकानाच्या पायरीवर काहीतरी झाडत असतेच.

वर्गाची गंमत ऐक. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एक तरुण मुलगी गिटार शिकवते. तिला सगळे टीचर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ती माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. वर्गात बाकी सगळी शाळकरी पोरं. पहिल्या दिवशी मी आत गेले तर एक दात पडलेली मुलगी मला म्हणाली, "आजी, पालकांनी बाहेर बसायचं असतं." मी म्हटलं, "मीच पाल्य आहे." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच बाहेर जाऊन बसावंसं वाटलं.

वर्गाला जाण्याआधी मी घरीच पुस्तक आणून सुरुवात केली होती. पुस्तकात तारांची चित्रं असतात, कुठलं बोट कुठे दाबायचं त्याचे ठिपके. मी अगदी कापडावर खुणा कराव्या तशी एकेक ठिपका मोजून बोटं ठेवत होते. आणि जे वाजत होतं ते, काय सांगू, कुणीतरी भांड्यांचं कपाट पाडावं तसं. मला वाटलं, हे वय आहे. मला वाटलं, शिलाईने जाड झालेली बोटं आहेत. स्वतःला नाही नाही ती दूषणं देऊन झाली. मग हिय्या करून वर्ग लावला.

टीचरने गिटार हातात घेतली, एकदा वरून खाली बोट फिरवलं आणि थांबली. म्हणाली, "काकू, ही कुणाची?"

"धाकट्या बहिणीची."

"ती डावरी आहे का?"

घरात हा शब्द कितीतरी वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तिने दाखवलं. जिथे जाड तार हवी तिथे बारीक, जिथे बारीक हवी तिथे जाड. सगळ्या सहाच्या सहा उलट्या लावलेल्या. तारा जिच्यावर टेकतात ती वरची पट्टीसुद्धा तू खाचा कोरून बदलली होतीस. मी आरशातलं पुस्तक वाचत होते आणि स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होते!

टीचर म्हणाली, "सोपं आहे. तारा काढून सुलट लावून देते, पट्टी नवी बसवते. तुमचं शिकणं सोपं होईल."

मी नको म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा मलाही नीट कळलं नाही. तिला सांगितलं की दुसऱ्याची वस्तू आहे, जशी घेतली तशी परत द्यायची. ती म्हणाली, "मग तुम्हाला डाव्या हाताने वाजवायला शिकावं लागेल. उजव्याने तारा दाबायच्या. जमेल?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?" बाहेर आल्यावर कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

म्हणून सध्या माझ्या उजव्या हाताची बोटं सुजली आहेत. सुई धरायची तीच बोटं, अंगुस्तान घालायचं तेच बोट. एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची दुमड वाकडी गेली आणि मी तिला तोंड वर करून सांगितलं की हल्ली अशीच फॅशन आहे. तिने ते मानलं.

आणखी एक सांगायचं आहे. लिहू की नको असं चाललं होतं. गिटारच्या खोळीत डांबराच्या गोळ्या होत्या, कसर लागू नये म्हणून ठेवतात त्या. पांढऱ्या, गोल, अख्ख्या. तुला माहीत आहे ना, या गोळ्या हवेत विरून जातात, लोकरीच्या कपड्यांत ठेवल्या तर पुढच्या थंडीपर्यंत नावालाही उरत नाहीत. तू जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही, पण त्या गोळ्या ताज्या होत्या. मी कधी ठेवल्या नाहीत. घरात तिसरं माणूस नाही. म्हणजे ही बाई दरवर्षी स्टुलावर चढत होती, मी दुकानात असताना.

मला हे कळल्यापासून तिच्यावर संतापू की काय करू ते सुचत नाही.

ताई

१९ ऑक्टोबर

धाकटे,

काल सकाळी फोन तूच केला होतास ना?

नाही म्हणू नकोस. घरचा तो जुना नंबर आता कुणी लावत नाही. मी पुढे दुकानात होते, गिऱ्हाईक कापड उलगडून बसलं होतं. आत घंटी वाजली आणि थांबली. मला वाटलं, चुकीचा लागला असेल. आत गेले तर आईच्या हातात रिसीव्हर. फोन तिच्या खाटेजवळ आहे, तिने डाव्या हाताने उचलला होता. त्यातून नुसता टूं टूं आवाज येत होता आणि ती त्यात बोलत होती. "नको. नको. नको नको." डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी रिसीव्हर काढून घ्यायला गेले तर सोडेना. शेवटी मी तिच्या शेजारी बसले आणि ती थकेपर्यंत तसाच राहू दिला.

आता नीट वाच. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

आईचं बोलणं थोडं जड झालेलं नाही. बोलणं गेलं आहे. सगळं. एक शब्द उरला आहे आणि तो "नको" आहे. चहा हवा का विचारलं की नको म्हणते आणि कपासाठी हात पुढे करते. खिडकी उघडू? नको, आणि उघडली की हसते. मला हाक मारायची असली तरी नको. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूत एखादाच शब्द शाबूत राहतो आणि माणूस सगळं त्यातच भरून सांगतं. तिला समजतं सगळं. तुझं नाव मी काढलं की कान टवकारते. फक्त तोंडातून दुसरं काही निघत नाही.

आणि तू फोन केलास, इतक्या वर्षांनी, आणि पलीकडून आईच्या आवाजात तेवढंच ऐकलंस. तू ठेवलास. मीही ठेवला असता.

मी का लपवलं? एक तर मला वाटलं, दया येऊन आलीस तर ते येणं काही खरं नाही. आणि दुसरं, खरं कारण हे की मला भीती वाटली. तुला लहानपणापासून तिने हाच शब्द ऐकवला. डाव्या हाताने नको. कात्रीला हात नको. हॉटेलात वाजवायला जाणं नको. "हे वाजवणं या घरात नको," हे तर शेवटचं. वाटलं, हे कळलं की तू म्हणशील, बरोबर आहे, तिच्याकडे दुसरं काय उरणार होतं. ते तू म्हटलेलं मला सहन झालं नसतं.

तू फसलीस म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. मी तर घरात राहून फसले. गिटार पहिल्यांदा तिच्यासमोर आणली तेव्हा ती जिवाच्या आकांताने नको नको ओरडली. मी मुकाट्याने गिटार दुकानाच्या मागे, कापडाच्या गठ्ठ्यांत नेऊन ठेवली. आजवर तिथेच बसून वाजवत आले, दार लावून, चोरासारखी. चहाचा नको मला कळतो, खिडकीचा कळतो. गिटारचा मात्र मी जुन्याच हिशेबाने ऐकला. गोळ्या हातात घेऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुन्हा फोन कर. हात जोडून सांगते. ती काय म्हणते तिकडे लक्ष देऊ नकोस.

ताई

२ डिसेंबर

धाकटे,

तारांचं पुडकं मिळालं. आत चिठ्ठी नाही, बाहेर पाठवणाऱ्याचं नाव नाही. पण दोऱ्याची गाठ उलट्या अंगाने मारलेली होती. अशी गाठ जगात एकच बाई मारते आणि ती सोडवताना माझी नखं तुटतात, लहानपणीही तुटायची. म्हणजे तू पत्रं वाचतेस. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

फोन मात्र तू केला नाहीस. समजू शकते. पुन्हा तोच शब्द ऐकायचा म्हणजे सोपं नाही.

जुन्या तारा गंजल्या होत्या, टीचरने तुझ्या लावून दिल्या. उलट्याच. ती म्हणाली, तारा चांगल्या आहेत, निवडणाऱ्याला कळतं. मी उगाच फुशारले.

आता आईचं ऐक. मागच्या आठवड्यात ती दुकानात खुर्चीवर बसली होती. मी वळले तेवढ्यात तिने टेबलावरची मोठी कात्री डाव्या हातात घेतली आणि एक तुकडा कापायला लागली. तुला आठवतं तसंच झालं. उजव्या हाताची कात्री डाव्यात धरली की पाती एकमेकांना चिकटत नाहीत, कापड कापलं न जाता मधे दुमडून बसतं. तिने पुन्हा धरली, पुन्हा दुमडलं. चांगली अर्धशतकाची कारागीर ती, डोळे मिटून सरळ रेघ कापणारी. कापड चावल्यासारखं झालं होतं. तुझं व्हायचं तसं. आणि तू वेंधळी, तुझं लक्ष नसतं, म्हणून ती तुझा डावा हात मापाच्या टेपने खुर्चीला बांधून ठेवायची.

कात्री खाली ठेवून ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिने डावा हात टेबलावर पसरून ठेवला आणि मी तो हातात घेतला. तिला काय आठवलं ते मी सांगू शकत नाही. मला तू आठवलीस, त्या खुर्चीत, रडायचं नाही म्हणून ओठ चावत बसलेली.

त्याच दिवशी मी गठ्ठ्यांमागून गिटार काढली आणि तिच्यासमोर बसून वाजवली. ती नको म्हणाली. मी थांबले नाही. नको नको म्हणत तिने हात लांब केला. मला वाटलं ढकलते आहे. तिने बोटं तारांवर टेकवली.

मग मी काय केलं ते नीट समजून घे. यंत्राजवळची बिनहाताची खुर्ची घेतली, तिला उशा लावून बसवलं, गिटार तिच्या मांडीवर दिली. डावऱ्या माणसाची गिटार असल्यामुळे तारा छेडायच्या त्या डाव्याच हाताने, आणि तो तर तिचा जिवंत हात. दाबायचं काम उजव्याचं, तो तिचा निकामी. मी तिच्या उजव्या अंगाला स्टूल घेऊन बसले आणि गिटारच्या मानेवर माझा उजवा हात ठेवला. दोन-अडीच महिने मी याच हाताने उलटं उलटं दाबायला शिकत होते. मी टीचरने आधी शिकवलेली दोन बोटांची ई मायनर कॉर्ड दाबली. आईने अंगठा वरून खाली ओढला.

वाजलं, धाकटे. स्वच्छ वाजलं. तारा सुलट लावून घेतल्या असत्या तर हे झालं नसतं. हे मला आधी ठाऊक होतं असं मुळीच नाही, मी नुसती हट्टाला पेटले होते.

यंत्रावर पाय मारताना आई गुणगुणायची ती चाल आठवते का, शब्द नसलेली? मी ती टीचरला गुणगुणून दाखवली. तिने त्याला दोन कॉर्ड काढून दिल्या आणि मधे एकदाच लागणारी तिसरी. ती तिसरी मला अजून धड जमत नाही, तिथे खडखडतं. आई तिथे माझ्याकडे असं बघते जसं वाकड्या शिलाईकडे बघायची. आम्ही दोघी रोज सकाळी बसतो. ती छेडते, मी दाबते. अधूनमधून तिच्या गळ्यातून हूं हूं असा सूर येतो. शब्द आलेला नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, येईल किंवा येणारही नाही.

आता माझं मागणं. कुठल्याही रविवारी सकाळी फोन कर, दुकान बंद असतं तेव्हा. मी उचलून रिसीव्हर दुसऱ्या स्टुलावर ठेवीन. कुणी काही बोलणार नाही. आम्ही वाजवू. तू नुसतं ऐक. मधे ठेवावासा वाटला तर ठेव, मी पुन्हा कधी विचारणार नाही. पण एकदा ऐक. तिच्याजवळ आता तुला सांगायला दुसरं साधन नाही.

ताई

२१ डिसेंबर

धाकटे,

मघाशी तू फोन ठेवलास आणि मी लगेच लिहायला बसले आहे. पत्र पोहोचायला वेळ लागेल आणि तुझा नंबर विचारायचा मी विसरले. काय म्हणावं माझ्या डोक्याला!

तिकडे तुला काय ऐकू आलं माहीत नाही. इकडचं सांगते. घंटी वाजली तेव्हा मी आईचे केस विंचरत होते. फणी तिच्या केसांतच अडकून राहिली, ती तशीच अडकवून वाजवलं. माझी बोटं इतकी गार पडली होती की पहिली कॉर्ड बसेना. आईने माझ्यासाठी थांबून घेतलं. मी हात ठेवला, तिने मानेनेच हं केलं, आणि मग सुरुवात केली. ती खडखडणारी तिसरी आज नेहमीपेक्षा जास्त खडखडली, ते माझं पाप. तुझ्या बाजूने कुठलं तरी वाहन गेल्याचा आवाज आला, म्हणून कळलं की तू आहेस. चाल संपली.

मग आई स्टुलाकडे वाकली. मी तिला अडवायला हात पुढे केला, पण उशीर झाला. तिने रिसीव्हरमध्ये तोंड घातलं आणि म्हणाली, "नको."

वाटलं, संपलं.

आणि तू म्हणालीस, "हो, आई."

एवढंच. मला वाटतं मी जन्मभर तेवढंच ऐकायला जगत होते, असं म्हटलं तर तू म्हणशील ताई नाटकी झाली. असू दे. मी रडले, आई रडली, तू रडलीस की नाही ते विचारणार नाही. मग नाक ओढत, अगदी शाळेत असतानाच्या आवाजात तू म्हणालीस, "ताई, तिसरी तार उतरलीये." इतक्या वर्षांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द, आणि तो चूक काढणारा! तू आईचीच मुलगी आहेस. आई हसली. तिचा अर्धाच चेहरा हसतो आता, पण तो अर्धा पूर्ण हसला.

तू फोन ठेवल्यावर मी खुंटी पिळून तार चढवायचा प्रयत्न केला. माझा कान अजून कच्चा आहे. वर नेली तर जास्तच वर गेली, खाली आणली तर खालीच. आई मान हलवत बसली होती. शेवटी मी खुंटी सोडली आणि तिला म्हटलं, "हे काम आपल्या दोघींचं नाही. बोलावू का तिला?"

"नको," आई म्हणाली, आणि डाव्या हाताने रस्त्याकडच्या दाराकडे बोट दाखवलं. तिला काय हवं आहे ते मला लवकर कळेना. तिने पुन्हा बोट दाखवलं, मग खुर्चीवर हात आपटला. मी खुर्ची दाराकडे फिरवली तेव्हा ती शांत झाली.

अजून तशीच बसली आहे, मांडीवर गिटार घेऊन.

ताई